टोकाला जाड फणी

फिलोमिना मॅडम वारल्या, त्यांच्या महिन्याच्या प्रार्थनेला, म्हणजे मिस्साला, मी उत्तनला गेलो होतो. मिस्सा संपल्यावर चर्चच्या बाजूच्या मंडपात चहा होता. फादरांनी विचारलं, ऑफिसमधलं कोणी दोन शब्द बोलणार का. ऑफिसमधला मी एकटाच होतो. उठलो, माइक हातात घेतला, "मॅडम" एवढंच म्हणालो आणि परत खाली बसलो. लोकांना वाटलं, भरून आलं. तसं काही नव्हतं. मला बोलताच येत नाही, हा माझा जुना रोग आहे. बसता बसता मागच्या खुर्चीवरची एक म्हातारी शेजारणीला सांगत होती ते ऐकू आलं, "हाच तो हाय. फिलूची फनी घालवली ती यानंच."

शेजारीण म्हणाली, "दिसतो तर सादा."

म्हातारी खरं बोलत होती. फणी मीच घालवली. पण ती फणी कोणती हे त्या मंडपात कोणालाच ठाऊक नव्हतं. उत्तनमध्ये आजही अशी समजूत आहे की मी मॅडमची केस विंचरायची फणी पळवली. ही समजूत दूर करावी असं मला फारसं वाटत नाही, कारण खरं कारण त्याहून वाईट आहे. तरी एकदा लिहून टाकतो. बोलायचं नाहीये म्हटलं की मला जरा धीर येतो.

आमचा कारखाना भाईंदर पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या पहिल्या मजल्यावर. कारखाना म्हणजे मधली भिंत पाडून एक केलेले दोन गाळे. खालच्या गाळ्यात स्टीलचे डबे बनतात आणि दिवसभर ठोकाठोकी चालते. वर आम्ही सेन्सर बनवतो. मोठ्या कारखान्यांत विजेची पॅनेल असतात, त्यांच्या आत कुठे किती तापलंय हे बाहेरून कळावं म्हणून आत चिकटवायचा नखाएवढा तुकडा. त्याला ना वायर, ना बॅटरी.

तो चालतो कसा, हे मला मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. अंबाड्यातली फणी काढली, पर्समधून दुसरी काढली, आणि एकीचे दात दुसरीच्या दातांत घातले, पण एकमेकांना टेकू न देता. "ह्या अशा दोन फण्या," त्या म्हणाल्या, "स्फटिकाच्या चकतीवर ॲल्युमिनियमच्या. दात केसाहून बारीक. बाहेरून रेडिओने वीज पोचवली की दातांच्या मधे स्फटिकाच्या पाठीवर लहर उठते. पाण्यावर उठते ना, तशी. डोळ्याला दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. लहर जाते, परत येते, आणि किती गरम आहे ते सांगते. सगळा खेळ फणीचा. फणी चांगली तर सेन्सर चांगला." मग एक फणी परत अंबाड्यात खोचली, दुसऱ्या फणीत अडकलेला एक पांढरा केस काढून खिडकीबाहेर सोडला आणि विचारलं, "समजलं?"

मी म्हणालो, "बघू."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. पुढे काय होणार याची ती सुरुवात होती म्हणायला हरकत नाही.

मॅडम बुटक्या, रुंद, गुडघ्याखालपर्यंतचा फुलाफुलांचा फ्रॉक, हातात पुरुषी घड्याळ. फिजिक्स शिकलेल्या. मुंबईत एका मोठ्या प्रयोगशाळेत होत्या, म्हातारी आई सांभाळायला नोकरी सोडून उत्तनला परतल्या, आणि आई गेल्यावर घरात कंटाळा येतो म्हणून आमच्याकडे डिझाइनला लागल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, मधे बोलणारा नवरा नको होता, आणि न बोलणारा मिळाला नाही. मालक हसमुखभाई त्यांना फिलोबेन म्हणत. आवाज असा की रेतीवर उभं राहून होडीतल्या माणसाशी बोलायची सवय असलेल्यांचा असतो तसा. फोनवर बोलत असल्या की आम्हाला वाटे, फोन कशाला लावलाय.

आमच्याकडे एक क्लीन रूम आहे. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून जायचं आणि आत बोलायचं नाही, कारण बोलताना तोंडातून कण उडतात आणि स्फटिकावर बसतात. हा नियम मॅडमनीच केला होता. स्वतः मात्र दोन मास्क लावून जात. एक नियमाचा, दुसरा आपल्या बोलण्याचा, असं त्यांचं म्हणणं. दोन मास्कांतूनही उत्तनच्या राजकारणाची खडान्‌खडा माहिती आम्हाला मिळायची.

त्यांचा आयुष्यातला एकच शत्रू होता, गळती. फणीच्या दातांमधून उठलेली लहर सरळ जायची सोडून दातांच्या टोकांकडून बाजूला निसटते. जेवढी निसटेल तेवढी शक्ती वाया. सिग्नल तेवढा दुबळा. ह्या बाजूच्या गळतीने त्यांची झोप उडवली होती. आणि एकदा गळती दिसायला लागली की ती सगळीकडेच दिसायला लागते. नळ ठिबकला, गळती. महापालिकेचं बजेट आलं, गळती. कोणाचं लग्न मोडलं तर विचारायच्या, "कुठून गळत होतं?" आणि माणसांची प्रतवारीही त्यावरूनच. हसमुखभाई नातेवाइकांत गळतात. पर्चेसचा तांबे मोबाइलमध्ये गळतो. भाऊ इनास, धाकटा, मासेमारी करणारा, तो कुठे गळतो हे संध्याकाळी नाक्यावर जाऊन बघा.

माझ्या बाबतीत त्यांनी खूप विचार केला. मग एक दिवस डबा खाताना सगळ्यांसमोर निकाल दिला. "साळवी म्हणजे शून्य गळती. आत गेलेलं काही म्हणजे काही बाहेर पडत नाही. असं यंत्र मी जन्मात पाहिलं नाही. फक्त एकच घोळ आहे रे, सिग्नलपण येत नाही."

सगळे इतके हसले की तांब्याला ठसका लागला. मीही हसलो. त्या दिवसापासून मी बोललो नाही की कोणीतरी म्हणायचं, साळवीचा सिग्नल गेला. चहावालाही म्हणायचा. कंपनीच्या पिकनिकला माझ्या बायकोने हे ऐकलं आणि तिला ते इतकं पटलं की आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या घरात ते कायमचं राहायला आलं. मुलगी आईला विचारायची, पप्पांना सिग्नल आहे का, पिक्चरचं विचारायचंय. मी कधी काही म्हणालो नाही. म्हणणार कसा, तोच तर विनोद होता.

आता उत्तनला ती फण्यांची समजूत कशी झाली ते सांगतो, कारण त्यात मात्र माझा हात नाही.

मॅडम कुठे कामाला जातात हे गावात कोणाला नीट कळत नव्हतं. कोणी विचारलं की त्या मनापासून समजावत, आणि समजावताना अंबाड्यातली फणी निघायचीच. त्यातून गावाने एवढंच घेतलं की फिलू भाईंदरला फण्यांच्या कारखान्यात आहे. एवढी शिकली आणि फण्या करते, असं काहींना वाईटही वाटे. मॅडम चिडायच्या, पुन्हा पहिल्यापासून समजावायच्या, पुन्हा फणी काढायच्या.

अशात तांबे नवीन लागला. फण्यांचा नकाशा ज्यावर असतो त्या काचेला मास्क म्हणतात. ती बाहेरून करून आणतात. पण आमच्या बोलण्यात मास्क म्हणजे तोंडाला लावायचा, आणि काचेला सगळे फणीच म्हणायचे. मॅडम एकदा ताप येऊन घरी होत्या. तिथून तांब्याला फोन केला, दोन फण्या मागव, दात बारीक, टोकाला जाड, आणि लवकर. तांबे हुशार मुलगा. भाईंदर स्टेशनसमोरच्या बाजारात जाऊन दुपारपर्यंत फिरला. टोकाला जाड दात असलेली फणी कोणाकडेच नाही. एका दुकानदाराने सांगितलं म्हणे, भाऊ, टोकाला जाड असेल तर केसात शिरणार कशी. तेव्हा तांब्याने स्वतःच्या बुद्धीने दात बारीक ही अट धरली, टोकाची सोडली, आणि दोन म्हणजे दोन डझन असणार असं समजून उवांच्या फण्यांचा खोका घेऊन आला. त्याची चूक म्हणता येणार नाही. आमच्या कारखान्यात राहून तुम्ही वेगळं काय समजला असता?

मॅडम परत आल्या, खोका उघडला, एक फणी उजेडात धरली. त्या म्हणाल्या, दातांतलं अंतर एकसारखं आहे, आमच्या मागच्या लॉटपेक्षा बरं आहे. मग खोका पिशवीत टाकून उत्तनला नेला आणि सगळ्या गल्लीत वाटला. शाळेतल्या पोरींच्या डोक्यांची सोय झाली. आणि ज्या दोन-चार लोकांना फण्यांच्या कारखान्याबद्दल शंका होती त्यांचीही फिटली. त्यानंतर मॅडमनी समजावणं सोडून दिलं.

दुसरी गोष्ट बोंबलाची. आमच्याकडे एक जुना ओव्हन होता, चकतीवरचं रसायन सुकवायचा. नवीन आला तेव्हा तो मागच्या खोलीत पडला. एका वर्षी पाऊस लांबला आणि गावात मांडवांवर घातलेले बोंबील काही केल्या वाळेनात. मॅडमना तो ओव्हन आठवला. आत एकसारखी उष्णता, वर वारा, माशीचं नाव नाही. शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक काढणं कठीण होतं. हसमुखभाई कांदा-लसूणही न खाणारे, पण त्या दिवशी ते येणार नव्हते. ते आले. ग्राहक कंपनीचे मोठे साहेब अचानक येणार म्हणून तयारीला आधी आले. जिन्यातच थांबले. वर येऊन म्हणाले, "फिलोबेन, कुछ जल रहा है क्या? कोई मर गया है क्या?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, नवीन प्रोसेस ट्राय करतेय.

साहेबांची गाडी सुदैवाने वरसाव्याच्या पुलाजवळ अडकली. त्या ट्रॅफिकला शिव्या न देणारा माणूस मी एकच पाहिला, ते म्हणजे हसमुखभाई, त्या एका दुपारी. सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळे पंखे लावले, उदबत्त्या लावल्या. साहेब आले आणि खोल श्वास घेऊन म्हणाले, यहाँ समुंदर पास में है क्या. हसमुखभाई हो म्हणाले. साहेब गेल्यावर त्यांनी मॅडमना आत बोलावलं, दार लावलं. आम्हाला वाटलं, गेली नोकरी. बाहेर फक्त मॅडमचाच आवाज येत होता. थोड्या वेळाने हसमुखभाई बाहेर आले आणि मला हळूच म्हणाले की प्रोसेस चांगली असेल, पण त्यांना समजली नाही.

हे असं सगळं चाललेलं असताना बाईंचं खरं काम मात्र आत कुठेतरी चालूच असायचं. तांब्याला फोनवर सांगितलेलं ते जाड टोक काय होतं ते मला एक दिवस कळलं, त्यांनी माझ्यासमोर कागद टाकला. त्यावर फणीचे दात काढले होते, पण प्रत्येक दाताच्या टोकाला बारीकसं जाड डोकं. छोट्या हातोडीसारखं.

कल्पना साधी होती, म्हणजे सांगितल्यावर साधी वाटण्यासारखी. जिथे धातू जास्त, तिथे लहर जरा मंद होते. दाताच्या टोकाशीच धातू वाढवला तर दोन्ही कडांना मंद लहरीचा एकेक पट्टा तयार होतो, आणि मधली लहर बाजूला पळायची थांबते. मधे सगळीकडे सारख्या जोराने उठते. बाहेर गळत नाही. किती जाड आणि किती लांब, एवढंच नेमकं साधायचं. मॅडमनी त्यासाठी सगळा पावसाळा घातला. जाडी जास्त झाली तर नवीन भानगडी, कमी झाली तर उपयोग नाही. त्या दिवसांत त्या चक्क कमी बोलायच्या. क्लीन रूममध्ये एकच मास्क लावायच्या.

तांब्याकडे मागितलेला मास्क तेव्हाच राहून गेला होता, आणि आता हसमुखभाई वेगळ्या मास्कचा खर्च करायला तयार नव्हते. मग दुसऱ्या एका ऑर्डरच्या मास्कवर एक कोपरा रिकामा होता, तिथे मॅडमनी आपल्या जाड टोकाच्या थोड्या फण्या गुपचूप बसवून घेतल्या. चकती तयार झाली. तुकडे कापून माझ्या टेबलावर आले. मोजायचं काम माझं.

मी मोजले. सांगतो काय दिसलं. जुन्या फण्यांच्या तुलनेत गळती कमी होती. थोडीथोडकी नाही, आलेखाकडे लांबून बघितलं तरी कळेल इतकी कमी. एकच तुकडा वाईट निघाला. तो मी मायक्रोस्कोपखाली बघितला तर त्यावर कापताना पडलेला ओरखडा सरळ दिसत होता. म्हणजे शंकेला जागा नव्हती. मी पुन्हा मोजले, तेच आलं. त्या वेळी मॅडम खाली डबेवाल्यांकडे कोणाशी तरी भांडत होत्या. मी उठून जाऊन सांगायला हवं होतं. मी ठरवलं, मीटिंगमध्ये सांगू.

मीटिंग दुसऱ्याच दिवशी होती. बोंबलाच्या दिवशी आलेल्या त्याच साहेबांची मोठी ऑर्डर आली होती आणि मास्क जुना द्यायचा की नवा, ते त्याच दिवशी ठरवायचं होतं. मॅडम वयाने निवृत्तीला आलेल्या. हा मास्क मंजूर झाला तर त्यांची फणी खऱ्या कामाला लागणार, नाहीतर कधीच नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही होतं. त्या दिवशी त्यांनी फ्रॉक नवा घातला होता.

मॅडम बोलल्या, भरपूर बोलल्या. हसमुखभाईंना अर्थात काही कळलं नाही. ते माझ्याकडे वळले. "साळवी, तुम बताओ. तुम ज्यादा बोलते नहीं, इसलिए तुम पे भरोसा है. नया वाला अच्छा है क्या?"

त्याच वेळी तांबे हळूच म्हणाला, "सिग्नल येतोय का बघा." सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मी म्हणालो, "सर, अजून सांगता येत नाही."

हसमुखभाई म्हणाले, तो फिर पुराना चलाओ. मीटिंग संपली.

आजवर मी स्वतःला सांगत आलो की मी सावधपणे बोललो. एक तुकडा वाईट होता, आणखी मोजायला हवं होतं, वगैरे. ते खोटं आहे. ओरखडा मी पाहिला होता. मला सगळं माहीत होतं. त्या हसण्यात मॅडमही हसल्या, एवढंच मला दिसलं, आणि मनात आलं, घ्या, सिग्नल हवा होता ना. असा विचार करायला मला जेमतेम एक श्वास पुरला. नंतर मी टेबलावर येऊन बसलो तेव्हा मला बरंही वाटत होतं. हे बरं वाटणंच मला पुढे फार महाग पडलं.

मॅडमनी त्या दिवशी डबा उघडलाच नाही. तसाच घरी परत नेला. महिनाभरात निवृत्त झाल्या. समारंभाला मी हार घातला.

त्या गेल्यावर कारखान्यात शांतता झाली. इतकी की खालची ठोकाठोकी ऐकू यायला लागली. ती आधीही होतीच की, पण आधी कोणाला ऐकू येत नव्हती. ऑर्डर जुन्या फणीने गेली. पॅनेलचं दार बंद केलं की सिग्नल पोचत नाही अशी तक्रार आली. मी ती वाचली आणि पुढे पाठवली.

मग दोनेक वर्षांनी एका शनिवारी त्यांचा फोन आला. आवाज उत्साहात. "साळवी, सापडलं रे. माझं कुठे चुकलं ते सापडलं." मी विचारलं, काय चुकलं. त्या म्हणाल्या, टोक जाड करायचंच नव्हतं, सगळी कल्पनाच उलटी होती, घरी बसून पुन्हा पहिल्यापासून गणित मांडलं. "तू म्हणालास ना सांगता येत नाही. तू कधी उगाच बोलत नाहीस. म्हटलं, साळवीला दिसलं नाही म्हणजे तिथे नसणारच." आणि आपल्या जुन्या प्रयोगशाळेतल्या कोणा मैत्रिणीला, जी हाच प्रयत्न करतेय, तिला त्या आता सांगणार होत्या की ह्या वाटेला जाऊ नकोस.

मी फोन ठेवला. बायकोने विचारलं कोणाचा होता. मी काही बोललो नाही. तिने सिग्नलचा विनोद केला नाही, बहुतेक माझा चेहरा बघून. मला वाटत होतं मी बाईंची फक्त एक ऑर्डर घालवली. प्रत्यक्षात त्या दोन वर्षं बसून आपलं बरोबर गणित चुकीचं करत होत्या, आणि माझ्यावर विश्वास ठेवून करत होत्या.

रविवारी मी उत्तनला गेलो. मॅडम दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, इनास पायरीवर जाळं शिवत होता. मी आत चला म्हणालो, त्या म्हणाल्या, इथेच बोल, आत उकडतंय. मग मी तिथेच उभ्याने सांगितलं. फणी बरोबर होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. मुद्दाम सांगितलं नाही. का नाही, तेही सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लांब बोलणं.

मॅडमना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या उभ्या राहिल्या, आणि मी कारखान्यात ऐकलेला त्यांचा आवाज हा त्यांचा घरातला हळू आवाज होता असं मला कळलं. गल्लीतली दारं उघडली. बाया ओट्यावर आल्या. पोरं सायकली टाकून आली. "माझी फणी," मॅडम सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "माझी एवढी चांगली फणी, ह्या माणसानं वाटोळं केलं तिचं. दोन वर्षं मी येड्यासारखी शोधतेय, आणि ह्याला ठाऊक."

इनास उठला. "काय झाला गो? फनी नेली यानं?"

"नेली काय, खाल्ली."

इनासने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या डोक्यावर फणीला काम पडेल असे केस उरलेले नाहीत. त्याला काही संगती लागेना. तो घरात गेला आणि एक फणी घेऊन आला, तांब्याच्या खोक्यातलीच असावी, आणि बहिणीला म्हणाला, "ही घे. एका फनीसाठी कोन एवढा ओरडतो. पावना हाय तो."

मॅडमनी ती फणी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या, पण हसू काही धड नव्हतं. डोळे पुसून मला विचारलं, "किती कमी होती?"

मी सांगितलं.

"एवढी?"

"हो."

"आणि खराब एक, तो?"

"कापताना ओरखडा गेला होता."

"उद्या हसमुखभाईला सांगशील. मी येणार नाय. तू एकटा सांगशील. जे मला सांगितलंस ते सगळं, त्या तांब्यासमोर." आणि मग इनासला, "ह्याला जेवण नको वाढू. च्या दे फक्त."

सोमवारी मी सांगितलं. हसमुखभाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं काढून टाकतील. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले आणि म्हणाले, साळवी, तू बोलत नाहीस म्हणून मी तुझ्यावर भरोसा ठेवला, चूक माझी आहे. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, सरळ आलेख मागतात. तांब्याने मोबाइल खिशात टाकला. ते ग्राहक साहेब तोवर दुसऱ्या कंपनीकडे वळले होते, पण एक नवीन लहान ऑर्डर होती. तिच्यासाठी पूर्ण मास्क काढला, जाड टोकाच्या फण्यांचा.

पहिली चकती मोजायची त्या दिवशी मॅडम आल्या. काठी होती हातात, तब्येत उतरली होती, ते आम्हाला तेव्हा नीट कळलं नाही. माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या. स्टूल दिलं, बसल्या नाहीत. पहिला तुकडा लावला, आलेख वर आला. मी मागे न बघता म्हणालो, "कमी आहे मॅडम. खूप कमी आहे."

"दिसतंय मला. मी आंधळी आहे काय. पुढचा लाव."

सगळी चकती संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या. शेवटी म्हणाल्या, कडेचं झालं, आता तळातून किती जाते ते बघायला पाहिजे, स्फटिकाच्या पोटात जाणारी वेगळी असते. आणि चप्पल घालायला लागल्या.

संध्याकाळी त्यांना सोडायला मी स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला उत्तनच्या बसपर्यंत गेलो. पुलावर त्या दोनदा थांबल्या, दोन्ही वेळा असं दाखवलं की कोणाशी तरी बोलायला थांबल्या. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा. मला वाटत होतं, काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या.

"साळवी, आकडा बरोबर आला म्हणून माझा राग गेला असं समजू नको. त्याचा याच्याशी काय संबंध नाय. मी रागावलेलीच हाय."

मी म्हणालो, "समजलं मॅडम."

"समजलं तर उभा का राहिलास?"

मी उभाच राहिलो. बस सुटली. थोडी पुढे गेली आणि खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला, चांगला खांद्यापर्यंत. मी घाईघाईने हात वर केला आणि हलवायला लागलो. मग दिसलं की एक रिक्षावाला बसला आडवा घुसला होता, आणि तो हात त्याच्यासाठी होता. त्याला काय काय ऐकवत होत्या ते मला शेवटपर्यंत ऐकू येत होतं. बस वळेपर्यंत मी हात हलवत राहिलो.